‘भीती वाटते’ म्हणायलाही हिंमत लागते!

साक्षीदार फितूर झाला, की आपण एका शब्दात निकाल लावून मोकळे होतो. ‘विकला गेला!’ चळवळीतील कार्यकर्ता असो की न्यायालयाच्या आवारातील चहावाला, सर्वांचा निष्कर्ष एकच असतो. किती घेतले असतील, याचा आकडाही तिथेच ठरतो. प्रस्तुत लेखकानेही एकेकाळी असाच निकाल लावला होता. तो निकाल किती खोटा होता, हे आज सांगायचे आहे.

ही २००९ सालची गोष्ट. वकिली सुरू करून मला तीन-चार वर्षे झाली होती. एका गावात भीमजयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्याने नेली म्हणून वस्तीतील पोरांना मारहाण झाली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. फिर्यादीच्या बाजूने मी सरकारी वकिलांना साहाय्य करीत होतो. डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार तीन. त्यातील मुख्य साक्षीदार पस्तिशीचा, भूमिहीन मजूर. साक्षीच्या आदल्या रात्री आम्ही आठ-दहा जण त्याला विहारात घेऊन बसलो. ‘घाबरायचे नाही. आपण भीमाचे वाघ आहोत. उद्या वाघासारखे बोलायचे!’ असे प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितले. तो मान डोलावत राहिला. दुसऱ्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, ‘मी त्या वक्ताला घरी नव्हतो.’ सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केले. काही महिन्यांनी आरोपी निर्दोष सुटले.

मी त्याच्याशी बोलणे सोडले. पुढे वर्षभराने एस.टी. स्टँडवर तोच माझ्याकडे आला. म्हणाला, ‘वकीलसाहेब, एक पैसा घेतला न्हाई. लेकराची आन. म्हशीचं दूध आरोपीच्या चुलतभावाच्या डेअरीवर जातं. बायकू त्येंच्याच रानात खुरपायला जाती. लई भ्या वाटत हुतं.’ मी विचारले, ‘मग आदल्या रात्री सांगितले का नाही?’ त्यावर तो म्हणाला, ‘तुमी समदी म्हनत हुता, वाघावानी बोल. मग भ्या वाटतंय म्हनून कुनाला सांगायचं?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याला हिंमत दिली, अशा भ्रमात होतो. प्रत्यक्षात त्याच्या तोंडातला एकमेव खरा शब्द आम्ही काढून घेतला होता. त्या रात्री त्याने भीती सांगितली असती, तर दुधाची दुसरी सोय लावता आली असती. पोलीस अधीक्षकांकडे संरक्षणाचा अर्ज देता आला असता. साक्षीआधी आणि नंतर चार दिवस कोणीतरी त्याच्या घरी मुक्कामाला राहिले असते. यातले काहीच अशक्य नव्हते. परंतु त्याने सांगितले नाही, कारण आम्ही विचारले नाही. वाघाला कोणी ‘घाबरलास का?’ असे विचारते काय?

डरकाळी हवीच, पण...

बांधवांनो, गैरसमज नको. डरकाळीला नावे ठेवण्याचा हा उद्योग नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा गावोगावच्या अत्याचारांपुढे ताठ उभे राहणारी भाषा हवीच होती. ज्यांना शतकानुशतके मान खाली घालून चालायला लावले, त्यांनी मान वर काढणे हीच क्रांती होती. शिवाय आपली दुर्बलता झाकून ठेवण्यालाही कारण होते. गावगाड्यात ज्याने कमजोरी दाखवली, तो आणखी दाबला गेला. ‘रडू नकोस, लोक हसतील’ हे आपल्या आया-आज्यांचे सांगणे अनुभवातून आलेले होते.

परंतु जे वेशीबाहेर कामी आले, ते आपण घरातही घेऊन आलो. आज कार्यकर्ता सभेत गर्जतो आणि घरी डोक्यावरील कर्जाबद्दल बायकोला सांगू शकत नाही. शहरातील वसतिगृहात इंग्रजी कळत नाही म्हणून कोलमडलेला विद्यार्थी गावी फोन करतो, तेव्हा ‘सगळं मस्त चाललंय’ असे सांगतो. भीती, अज्ञान, चूक आणि गरज या चारही गोष्टी आपण लपवतो. लपवलेली भीती जात नाही. ती माणसाला एकटे पाडते आणि एकट्या माणसाला मोडणे सर्वांत सोपे असते, हे अत्याचार करणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी लपवले नाही

याबाबतीत आपण बाबासाहेबांचे अनुयायी आहोत काय, हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. १९३५ च्या सुमारास बाबासाहेबांनी आपले काही अनुभव इंग्रजीत लिहून ठेवले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पुस्तिकारूपात प्रसिद्ध केले. हे लिखाण जेमतेम काही पानांचे आहे. प्रत्येक घरात ते असले पाहिजे.

त्यात बडोद्याचा प्रसंग आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी पथिकाश्रमात त्यांनी पारशी नाव लावून आसरा घेतला. हे कोणी शत्रूने शोधून काढलेले नाही, स्वतः बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे ठाकले. बाबासाहेबांनी आणखी काही दिवस राहू देण्याची विनवणी केली, ती फेटाळली गेली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तिथेही निराशा झाली. आपण रडलो, हे त्यांनी लिहिले आहे. अठरा वर्षांनंतरही हा प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, हेही लिहिले आहे.

हे लिहिणारा माणूस कोण होता? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा, गोलमेज परिषदेत साम्राज्याच्या तोंडावर आपल्या माणसांची बाजू मांडणारा, चाळिशी ओलांडलेला नेता. आपण नाव लपवले होते, विनवणी केली होती, रडलो होतो, हे सांगताना त्याला आपला मोठेपणा कमी होईल असे वाटले नाही. आपल्याला मात्र वाटते.

मी स्वतःचेच सांगतो. २००६ साली तालुक्याच्या गावी खोली भाड्याने घेताना मी घरमालकाला आडनाव सांगायचे टाळले, फक्त नाव सांगितले. बाबासाहेबांचा फोटो कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवला. रात्री कपाट उघडायचे, हात जोडायचे आणि पुन्हा लावायचे! दिवसा न्यायालयात समतेवर बोलायचे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मी त्याच खोलीत वाचले. बडोद्याचे पान वाचून झाल्यावर फोटो काढला आणि भिंतीवर लावला. खिळा ठोकताना हात थरथरत होता. दोन महिन्यांत खोली सोडावी लागली. पण त्यामुळेच बाररूममधील एका सहकाऱ्याला मी प्रथमच खरे कारण सांगितले आणि त्यानेच दुसरी जागा मिळवून दिली. एरवी तीन वर्षे शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या त्या माणसाला माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हते.

चाळीसगावचा टांगा

त्याच पुस्तिकेत १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग आहे. बाबासाहेब स्टेशनवर उतरले. वस्तीतील लोक आनंदाने न्यायला आले. पण अस्पृश्याला टांग्यात बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार नव्हता. एवढा मोठा पाहुणा पायी आला तर शोभणार नाही, असे लोकांना वाटले. टांगेवाल्याने अखेर टांगा भाड्याने दिला, पण हाकायला तो तयार नव्हता. म्हणून ज्याला टांगा हाकता येत नव्हता असा आपलाच एक जण पुढे बसला. वाटेत टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. खरे कारण त्यांना नंतर कळले. आपला मान राखण्यासाठी लोकांनी आपला जीव धोक्यात घातला, अशा अर्थाची नोंद त्यांनी केली आहे.

त्या माणसांचे प्रेम खोटे होते काय? मुळीच नाही. पण ‘साहेब, टांगेवाला येत नाही, आपण चालत जाऊ’ एवढे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. अपमान दुसऱ्यांनी केला होता, लाज मात्र यांना वाटली. आपल्या संघटनांमध्ये, आपल्या घरांमध्ये असे किती टांगे आज हाकले जात आहेत? हिशेब येत नाही, पण खजिनदार होतो. कायद्याची माहिती नाही, पण ‘मी बघतो’ म्हणून पीडित कुटुंबाचे कागद घेऊन ठेवतो आणि मुदत निघून जाते. ‘मला हे येत नाही’ असे वेळेवर म्हणणाराच समाजाचे नुकसान वाचवतो.

धम्माची शिकवण

कोणी म्हणेल, हे पाश्चात्य मानसशास्त्राचे फॅड आहे. तसे नाही. तथागतांनी राहुलाला केलेल्या उपदेशात स्पष्ट सांगितले आहे की कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर त्याचे परीक्षण करावे, आणि काया-वाचेने झालेले कर्म अहितकारक ठरले तर ते आपल्या शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सहकाऱ्यांपुढे उघड करावे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात ज्या धम्मवचनांच्या श्रवण-मननाची शिफारस केली, त्यात राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख आहे. आणि अशोकाने स्वतः काय केले? कलिंगाच्या युद्धाबद्दलचा पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात कोरून ठेवला. राजे विजय कोरतात, याने आपले दुःख कोरले.

वर्षावासाच्या शेवटी संघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझा काही दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, मी सुधारीन. विशेष म्हणजे ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खू आधी करतो. संयुत्त निकायात तर असा प्रसंग आहे की स्वतः तथागतांनी पाचशे भिक्खूंपुढे विचारले, माझ्या काया-वाचेत तुम्हाला काही दोष दिसतो काय? ज्याच्यात दोष नव्हता त्याने विचारले. ज्यांच्यात दोषच दोष आहेत असे आपले अध्यक्ष, सचिव आणि वकील (यात मीही आलो) कधी विचारणार?

आणि रोजचे लहान धाडस काय असते, ते फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्याकडून शिकावे. दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी घरच्यांपासून लपवून आपले आणि वस्तीचे जगणे लिहून काढले. रोज थोडे थोडे, कैक वर्षे. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली आले. त्यात त्यांनी समाजाचे दारिद्र्य आणि घरातील बाईचे हाल दोन्ही मांडले. तरीही नवऱ्याकडून स्वतःला झालेल्या मारहाणीबद्दल त्या उघडपणे बोलल्या त्या इंग्रजी अनुवादासोबत २००८ साली छापलेल्या मुलाखतीत. बाबासाहेबांच्या विचारावर वाढलेल्या एवढ्या खंबीर बाईलासुद्धा ते सांगायला इतका काळ लागला! मग आपल्या वस्तीतील, आपल्या घरातील बाई गप्प आहे याचा अर्थ ती सुखात आहे, असा कसा घ्यायचा?

कायदासुद्धा भीती विचारतो

आता कायद्याचे सांगतो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात कलम १५-अ आले आणि ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. पीडित, त्यांचे अवलंबित आणि साक्षीदार यांना धमकी, दहशत व प्रलोभनापासून संरक्षण देणे हे त्याने शासनाचे कर्तव्य ठरवले. विशेष न्यायालयाने पूर्ण संरक्षण द्यावे, प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च द्यावा, गरज पडल्यास साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवावा, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. तिच्यातही साक्षीदाराचा अर्ज येतो आणि मग त्याला किती धोका आहे याचा पोलीस अहवाल मागवला जातो.

या सर्व तरतुदींचा व्यवहारातील अर्थ एकच. न्यायालय स्वतःहूनही आदेश देऊ शकते, परंतु बहुतेक वेळा अर्ज आल्याशिवाय कागद हलत नाही. आणि संरक्षण मागायचे तर आधी भीती लिहून द्यावी लागते. कोणाची, कशामुळे, कधीपासून. वाघासारखे बोलणाऱ्याला हा अर्ज लिहिता येत नाही!

दोन वर्षांपूर्वी एका प्रकरणात एक बाई साक्षीदार होत्या. मी पहिल्याच भेटीत विचारले, ‘ताई, भीती वाटते का?’ त्या आधी ‘नाही’ म्हणाल्या. मी म्हणालो, ‘मला वाटते. अशा खटल्यात उभा राहताना प्रत्येक वेळी वाटते.’ मग त्या बोलल्या. रात्री कडी वाजली की छातीत धडधडते, मुलीला एकटीला शाळेत पाठवायचा धीर होत नाही, अमुक माणूस रोज घरासमोर गाडी लावून बसतो. तेच शब्द आम्ही अर्जात घातले. संरक्षणाचा आदेश झाला. साक्षीच्या दिवशी त्यांचा आवाज आधी कापत होता. उलटतपासणी तीन तास चालली. पण त्या मूळ जबाबापासून हलल्या नाहीत. निकाल अजून लागायचा आहे. काय लागेल ते सांगता येत नाही. त्या मात्र आज ताठ मानेने वस्तीत वावरतात.

आणखी एक. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तरीही आपले लोक व्याजाने पैसे काढून वकील करतात, कारण ‘फुकटचा वकील’ घेतला म्हणायला लाज वाटते. हक्क मागण्यात लाज कसली?

सुरुवात कुठून करायची?

हिंमत काही एका दिवसात, एका मोर्चात येत नाही. व्यायामासारखी ती रोज थोडी थोडी कमवावी लागते. न्यायाधीशांनी विचारलेला मुद्दा ठाऊक नसला की मी पूर्वी काहीतरी ठोकून देत असे. आता म्हणतो, ‘सर, हा मुद्दा मी वाचलेला नाही, उद्या वाचून सांगतो.’ पहिल्यांदा म्हणालो तेव्हा कान तापले होते. तारीख मिळाली, आभाळ कोसळले नाही. मुलीवर विनाकारण ओरडलो, तर तिची माफी मागतो. या लहान गोष्टी आहेत. पण ज्याला घरात ‘चुकलो’ म्हणता येत नाही, तो भरल्या सभेत खरे बोलेल यावर माझा विश्वास नाही.

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाल्यावर आम्ही दर रविवारी दहा मिनिटे राखून ठेवली. ज्याला जे येत नाही, जमत नाही, ज्याची भीती वाटते ते त्याने सांगायचे. कोणी उपदेश करायचा नाही. पहिल्या रविवारी सगळे छताकडे पाहत बसले. दुसऱ्या रविवारी सत्तरीचे एक काका उठले. म्हणाले, ‘मला सहीपुरतंच लिहिता येतं. तीस वर्षं वर्गणीच्या पावत्या नातवंडांकडून लिहून घेतो आणि चष्मा विसरलो म्हणून सांगतो.’ कोणी हसले नाही. पुढच्या रविवारी दहावीतील एक मुलगी त्यांच्याजवळ पाटी-वही घेऊन बसली होती. त्यानंतर बोलणाऱ्यांना दहा मिनिटे पुरेनाशी झाली.

ऐकणाऱ्याची जबाबदारी

मात्र एक इशारा दिला पाहिजे. आपले दुःख कोणापुढेही उघडे करा, असे मी म्हणत नाही. जो त्याचा वापर आपल्याविरुद्ध करील त्याच्यापुढे नको. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच ‘तू बोललास का नाही?’ असे दटावणे तर त्याहून वाईट. रोहित वेमुला बोलला नव्हता काय? १७ जानेवारी २०१६ च्या महिनाभर आधी त्याने कुलगुरूंना लेखी कळवले होते. तो बोलला, ऐकणारे बहिरे होते. म्हणून बोलणाऱ्याच्या हिंमतीइतकीच ऐकणाऱ्याची लायकी महत्त्वाची आहे. शहरात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय?’ एवढेच विचारू नका. ‘त्रास होतो का रे? भीती वाटते का गं?’ असेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मन फारच खचले असेल तर शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे फोन करणे हाही कमीपणा नाही.

या आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल तेव्हा प्रत्येक विहारात, प्रत्येक शाखेत पदाधिकाऱ्यांनी उठून उभे राहावे आणि आपल्या माणसांना विचारावे, माझे काय चुकले? सर्वांत ज्येष्ठाने आधी. आणि साक्षीच्या आदल्या रात्री यापुढे कोणाला ‘घाबरू नकोस’ असे सांगू नका. त्याच्याजवळ बसा, चहा द्या आणि विचारा, ‘भीती कशाची वाटते, ते सांग. आपण मिळून बघू.’

एस.टी. स्टँडवरील त्या माणसाला हे विचारायला मला उशीर झाला. तुम्हाला होऊ नये.

जयभीम! नमो बुद्धाय!